नंदीविना महादेव

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही सदलग्याहून खिद्रापूरला निघालो. दूधगंगा मागे टाकून कृष्णाकाठाकडे जाणारा हा मुलूख ज्याने पावसाळ्यात पाहिला असेल, त्याला तो या दिवसांत ओळखू येणार नाही. ऊस तुटलेला, पाचट जळालेले, काळ्या रानाला भेगा पडलेल्या. कोसभर माणूस दृष्टीस पडू नये. पाट्यांवरची कन्नड अक्षरे संपून मराठी सुरू झाली, एवढ्यावरूनच आपण राज्य ओलांडले हे समजते. पाणी पिण्यासाठी एका झाडाखाली थांबलो, तेव्हा तेथल्या एका वृद्धाने विचारले, "पाव्हणं, कुठं निघालासा?" आम्ही ठिकाण सांगितले. तो हसून म्हणाला, "मग तिथं नंदी हुडकू नगासा. त्यो यडूरास हाय."

मंगेशीच्या वा नागेशीच्या देवळात ज्यांना महादेवाआधी नंदीचे दर्शन घडते, अशा आमच्या गोमंतकीय वाचकांना ही गोष्ट विलक्षण वाटेल. पण ती खरी आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वरापुढे नंदी नाही. कथा अशी सांगतात की, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, आणि तो नंदी यडूरासच राहिला. सतीच्या देहत्यागाने कोपलेला शिव तो कोपेश्वर. त्याला शांत करण्यास आलेला विष्णू धोपेश्वर या नावाने गाभाऱ्यात लिंगरूपानेच शेजारी बसला आहे. यडूरास यज्ञविध्वंसक वीरभद्राचे देवस्थान आहे, त्यामुळे कथेचे दोन्ही तुकडे नेमके जुळतात.

कथा सुंदर आहे. आमची तक्रार कथेविषयी नाही, ती ऐकून पाहणे थांबविणाऱ्या यात्रेकरूविषयी आहे. 'नंदी का नाही' याचे उत्तर मिळाले की तो समाधानाने गाभाऱ्याकडे वळतो आणि नंदीच्या जागी काय उभे आहे, हे पाहतच नाही.

तेथे स्वर्गमंडप उभा आहे. अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप मध्यभागी उघडा आहे. छताला सुमारे तेरा फुटांचे वर्तुळ मोकळे सोडलेले असून त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिला बसविली आहे. नंदीमंडप भक्ताची नजर सरळ रेषेत लिंगाकडे नेतो. हा मंडप ती आधी वर नेतो, आकाश दाखवितो, आणि मगच आतल्या अंधाराकडे सोडतो. बाहेरच्या उन्हातून येणाऱ्या डोळ्यांना गाभाऱ्याच्या काळोखाची सवय व्हावी, अशी ही पायरी आहे. आमच्या मते शिलाहारकालीन स्थपतीची खरी प्रतिभा पीठावरील गजांच्या रांगेपेक्षाही या एका मोकळ्या वर्तुळात दिसते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री या वर्तुळावर चंद्र येतो, म्हणून हल्ली तेथे गर्दी लोटते. त्यास चमत्कार म्हणण्याचे कारण नाही. कार्तिकातला पूर्ण चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, आणि खिद्रापूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे पावणेसतरा अंशांवर, तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येतो. त्याचा मार्ग वर्षागणिक थोडा सरकत असल्यामुळे तो दरवर्षी एकाच बिंदूवर येत नाही. त्या रात्री तो सदलग्याच्या अंगणावरही तितकाच माथ्यावर असतो. परंतु सदलग्याच्या अंगणात कोणी मान वर करीत नाही. खिद्रापूरच्या शिल्पकाराने आकाशाला चौकट दिली, आणि जे सर्वांचे होते ते दिसू लागले. कलेचे कार्य याहून निराळे ते कोणते?

या देवळातील बहुतेक शिलालेख हळेकन्नडात आहेत. यादव राजा सिंघणाचा, तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, मात्र संस्कृतात व देवनागरीत आहे. दोन्ही लिपी एकाच देवाच्या दारी सुखाने नांदल्या. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर महादेव महाराष्ट्रात व त्याचा नंदी पलीकडे, अशी वाटणी कायम झाली. सीमेच्या वादात आमचे मत काय, हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण दोन्ही बाजूंचे भक्त आता आपापल्या अर्ध्या देवाचे दर्शन घेऊन परततात, हे आम्हांला खरोखर बोचते. वाटेवरच्या त्या वृद्धाला ही कथा अखंड ठाऊक होती. बोलताना त्याने सीमेचा उल्लेखही केला नाही.

म्हणून आमच्या वाचकांस विनंती आहे. खिद्रापूरला जाल तेव्हा यडूरासही जा. आणि स्वर्गमंडपात, घाई न करता, त्या गोल शिलेजवळ क्षणभर उभे राहून वर पाहा. नंदी तेथे का नाही, याचे उत्तर कदाचित कथेवाचूनही मिळेल.