शोकेसमधील नायिका

कलाकृति वाईट कीं तिजकडे पाहणारा वाईट, हा वाद मराठी वाचकाला नवा नाहीं. आजवर तो चित्रें, नाटकें व कादंबऱ्या यांच्यासंबंधानें झाला. आतां तो वीतभर उंचीच्या रंगीत प्लास्टिकच्या मूर्तींवरून होऊं लागला आहे, एवढाच काय तो फरक. व्हिडिओ गेममधील नायिकांच्या ज्या जपानी धर्तीच्या मूर्ति तरुण मंडळी ‘फिगर’ या नांवानें विकत घेतात आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील दोन खोल्यांच्या घरांतहि काचेआड मांडून ठेवितात, त्यांविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों. विषय क्षुल्लक आहे असें ज्यांना वाटेल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या शोकेसमध्यें एके काळीं सावंतवाडीचीं लांकडी फळें आणि कुणाच्या तरी वक्तृत्वस्पर्धेंतला पेला असे, तेथें आतां ही मूर्ति उभी आहे. आणि आजोबा, सून, शाळकरी नात या सर्वांच्या नजरेसमोर ती उभी आहे.

या मूर्ति कशा होतात तें थोडक्यांत सांगतों. शिल्पी प्रथम एक नमुना घडवितो, हल्लीं बहुधा संगणकावर. त्यावरून सांचे तयार होतात, सांच्यांतून पीव्हीसीचे सुटे अवयव निघतात, आणि ते जोडून रंगविण्याचें पुष्कळसें काम चीनमधील कारखान्यांत माणसांच्या हातांनीं होतें. अस्सल मनुष्याकृतीच्या सातव्या किंवा आठव्या हिश्श्याचें प्रमाण रूढ आहे. २००१ सालीं निघालेली गुड स्माइल कंपनी या धंद्यांतील एक मोठें नांव, दुसरें कोतोबुकिया. या दुसऱ्या कंपनीनें २००९ पासून ‘बिशोजो’, म्हणजे ‘सुंदरी’, या नांवाची मालिकाच काढली आणि अमेरिकन चित्रकथांतील व गेममधील नायिकांना एकाच जपानी मुशींत ओतलें. खेळणीं म्हणून आलेल्या मालावरील आयातकर आपल्याकडे २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० टक्के व २०२३ सालीं ७० टक्के झाला. त्यामुळें अस्सल वस्तु मध्यम पगाराच्या आटोक्याबाहेर गेली आणि नकली वस्तूंचें फावलें. (नकली मालाची गोष्ट निघाली कीं आमच्या जिल्ह्यांत उल्हासनगराची थट्टा करण्याची चाल आहे, पण या प्रकरणीं उल्हासनगर निर्दोष आहे!) नकली मूर्तीचा डोळा पुसट आला तर खरेदीदार जितका चिडतो, तितका तो अस्सल मूर्तीची नायिका विवस्त्रप्राय झाली म्हणून चिडत नाहीं, ही एक मौजेची गोष्ट आम्हांस दिसून आली.

घरांतील वडील मंडळी या मूर्तींना ‘अश्लील’ म्हणून मोकळी होतात. रसिक मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें: मग आपलीं देवळें काय आहेत? उत्तर देणाऱ्याला खजुराहोपर्यंत जाण्याची गरज नाहीं. कल्याणहून लोकलनें थोडक्या वेळांत पोहोंचतां येईल असें अंबरनाथाचें शिवालय आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, सालचें हें शिलाहारांचें काम; त्याच्या भिंतींवर स्त्रीमूर्तींची वाण नाहीं आणि त्यांचीं वस्त्रें आजच्या मापानें तोकडींच म्हणावीं लागतील. हें उत्तर बिनतोड आहे असें समजून तरुण गप्प बसतो, आणि वडीलहि गप्प बसतात. आमच्या मतें दोघेहि घाईनें गप्प बसले. मध्ययुगीन देवळांवरील सुरसुंदरी कांहीं तरी करीत असते. कोणी आरसा धरते, कोणी पायांतला कांटा काढते, कोणी मृदंगावर थाप देते. तिचा देह त्या क्रियेमुळें वळलेला असतो. पाहणारा नसता तरी तिचें काम अडलें नसतें. बाजारांतील पुष्कळशा फिगरांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांतील नायिकेचा कणा पाहणाऱ्यासाठीं वांकलेला असतो. पाहणारा काढून घेतला तर ती अशी कां उभी आहे याला कांहीं कारण उरत नाहीं.

हें कारण उरत नाहीं, तेंच आमच्या आक्षेपाचें मूळ आहे. ‘स्ट्रीट फायटर २’ हा गेम १९९१ सालचा. त्यांतील चुन-ली ही पित्याच्या वधाचा शोध घेणारी पोलिस अधिकारी. विजेसारखी लाथ ही तिची ओळख. जो मुलगा तिच्या बाजूनें शेंकडों लढती खेळला, त्याला ती धाडसी म्हणून आवडली. तिला धाडसाच्या पवित्र्यांत घडविणाऱ्या मूर्ति आहेत व त्या सुंदरहि आहेत. पण जेथें शिल्पी पवित्रा टाकून नुसती वळणें ठेवितो, तेथें तो त्या मुलाला त्याचीच मैत्रीण अनोळखी करून विकतो. अंबरनाथचें देऊळ उभें राहिलें त्याच शतकांत काश्मीरांत क्षेमेंद्रानें औचित्य हा काव्याचा प्राण म्हणून सांगितला. शृंगार वाईट, असें त्यानें कोठेंहि म्हटलें नाहीं. ज्याचें जें स्थान तेथें तें असावें, एवढाच त्याचा आग्रह. कमरेचा पट्टा गळ्यांत घातला तर अलंकाराची शोभा होत नाहीं, हंसें होतें.

हें तत्त्व संस्कृत न शिकलेल्या एका पाश्चात्त्य खेळाडूनें २०१६ सालीं किती चांगलें मांडलें तें पाहण्याजोगें आहे. ‘ओव्हरवॉच’ नांवाच्या गेममध्यें ट्रेसर ही चपळ, खोडकर, मनमोकळी नायिका आहे. तिची पाठमोरी, मागें वळून पाहणारी एक ढब निर्मात्यांनीं योजिली होती. या खेळाडूनें तक्रार केली कीं, ही ढब ट्रेसरच्या स्वभावांत कोठेंच बसत नाहीं. त्याच गेममधील विडोमेकर ही मोहिनीरूप नायिका अशी उभी राहिली तर त्याची हरकत नव्हती. आपल्या लहान मुलीला ट्रेसर फार आवडते, हेंहि त्यानें सांगितलें. निर्मात्यांनीं ती ढब काढली. त्यावर दुसऱ्या पक्षानें गहजब केला, कलेचा गळा घोटला म्हणून आक्रोश झाला. निर्मात्यांनीं पुढें बसविलेली नवी ढब जुन्या पिनअप चित्रांच्याच वळणाची निघाली, आणि तरी तक्रार करणाऱ्यांनाहि ती पुष्कळशी पटली. कारण तींत ट्रेसर ट्रेसर राहिली होती. या प्रकरणांत सोंवळेपणा दाखविला तो तक्रारदारानें नव्हे. सगळ्या देहाचीं वळणें सारखींच, मग ती कोणीहि असो, असें म्हणणारे ते दुसऱ्या पक्षाचेच लोक एक प्रकारें नायिकेचा नामोच्चार टाळीत होते.

‘फायनल फँटसी ७’ मधील टिफाच्या प्रकरणींहि असाच कल्लोळ उठला. मूळ गेम १९९७ चा. २०२० च्या नव्या आवृत्तीसाठीं तिचा पोषाख मुष्टियुद्धांत देह आवरून धरील असा केला, तोहि कंपनीच्याच नीतिविभागाच्या सूचनेवरून, हें २०१९ सालीं उघड झालें. मुठींनीं लढणाऱ्या बाईला आवळ कपडे हवेत, यांत खरें म्हणजे भांडण्यासारखें कांहीं नव्हतें. तरी भांडण झालें. याच्या दुसऱ्या टोंकाला २०१३ सालचें ‘डेड आयलंड: रिपटाइड’चें उदाहरण ठेवावें. तेथें गेमच्या विशेष आवृत्तीबरोबर बिकिनी घातलेल्या, शिर व हात तुटलेल्या रक्ताळलेल्या स्त्रीधडाची मूर्ति देऊं केली होती. चाहतेच संतापले, कंपनीनें माफी मागितली, वस्तु मात्र बाजारांत आलीच. ज्या मूर्तीला तोंडच नाहीं तिला स्वभाव कोठून असणार? आणि जेथें चेहरा अजाण पोरीचा व देह बाजाराचा, तेथें रसचर्चा करण्याचेंच कारण नाहीं. ती वस्तु घरांत येऊं नये.

बंदीवर आमचा विश्वास नाहीं. २०१३ सालींच मुंबई महानगरपालिकेच्या सभेनें दुकानांतील अंतर्वस्त्रें नेसविलेले पुतळे हटविण्याचा ठराव केला. पुतळे आहेत तेथेंच आहेत, ठरावाचें हंसें तेवढें झालें. त्याहून गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ची आठवण जास्त उपयोगाची. १८९६ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतल्या या तरुण विद्यार्थ्यानें देवळाला निघालेल्या मराठी युवतीची मूर्ति घडविली. नऊवारी लुगडें देहाला चिकटलेलें आहे, देह लपलेला नाहीं. तरी रवीन्द्रनाथ ठाकुरांसारख्यानें तीवर बंगालींत कौतुकाचा लेख लिहिला आणि तिचीं छायाचित्रें दूरवर गेलीं. ती कोठें चालली आहे हें पाहणाऱ्याला ठाऊक असतें, म्हणून तो तिच्याबरोबर चालतो.

या चर्चेंत ज्यांना कोणी विचारीत नाहीं त्या मुली होत. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची आख्यायिका आमच्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेचा आदर्श म्हणून सांगतात. इतिहासदृष्ट्या ती संशयास्पद आहे, तें असो. पण त्या गोष्टींत ती सून एक अक्षरहि बोलत नाहीं, हें आम्हांस नेहमीं खटकत आलें आहे. आज ठाण्या-डोंबिवलीच्या कितीतरी मुली हेच गेम खेळतात, याच नायिकांवर भावाइतकेंच प्रेम करतात, आणि भावाच्या शोकेसमधील मूर्तीकडे पाहून कांहीं न बोलतां पुढें जातात. त्यांचें म्हणणें ऐकावयाचें तर मुंबईच्या कॉमिक कॉनमध्यें जावें. तेथें याच नायिकांचीं सोंगें घेऊन आलेल्या तरुणी भेटतात. पोषाख बहुधा स्वतः शिवलेला असतो. मूळ चित्रांत जें वस्त्र केवळ रंगाच्या पट्ट्यासारखें देहाला चिकटलेलें असतें, त्याला त्यांनीं अस्तर दिलेलें असतें, पट्टे रुंद केलेले असतात, कमरेला पक्की शिवण घातलेली असते. कारण ते कपडे घालून त्यांना दिवसभर चालावयाचें असतें, जिने चढावयाचे असतात आणि संध्याकाळच्या लोकलनें घरीं परतावयाचें असतें.