‘बॉम्बे दोस्त’ आणि मराठी वाचक

एखाद्या नियतकालिकाचें मोल ठरवितांना टीकाकार त्यांतील लेख वाचतो आणि वाचकांचीं पत्रें चाळून सोडून देतो. १९९० सालीं मुंबईस निघालेल्या ‘बॉम्बे दोस्त’ या पत्रापुरती तरी ही रीत उलटी करावयास हवी. त्याचे संस्थापक अशोक राव कवी हे मुरलेले पत्रकार. आपण समलिंगी आहों हें त्यांनीं १९८६ सालींच एका इंग्रजी मासिकाच्या मुलाखतींत नांवानिशीं सांगून टाकलें होतें. त्याच वर्षीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या आपल्याकडील मंडळींनीं ‘त्रिकोन’ हें पत्र सुरू केलें. परंतु तिकडे बसून असें पत्र काढणें निराळें, आणि दंडविधानाचें ३७७ वें कलम डोक्यावर टांगलेलें असतां तें मुंबईंत काढणें निराळें.

‘बॉम्बे दोस्त’चे आरंभींचे अंक म्हणजे थोडक्या पानांची वार्तापत्रिका. मजकूर बहुतेक इंग्रजी, जोडीला थोडें हिंदी. विक्री तपकिरी कागदाच्या वेष्टनांतून. कवींची लेखणी चटपटीत, कांहींशी उर्मट, थट्टेला सदैव तयार. या थट्टेचा पुढें पुढें कंटाळा येतो हें खरें. पण भ्यालेल्या माणसाला धीर देण्यास गंभीर प्रवचनापेक्षां थट्टाच अधिक उपयोगी पडते, हेंहि विसरून चालणार नाहीं. खरी गोष्ट ही कीं, या पत्राचा प्राण अग्रलेखांत नव्हता; तो वाचकांच्या पत्रांत होता. आपल्यासारखा जगांत दुसरा कोणी नाहीं अशा समजुतींत ज्याचें तारुण्य गेलें, त्याला दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाचें पत्र छापील अक्षरांत दिसावें, यापरतें नियतकालिकाचें कार्य तें कोणतें? तेथें शैलीचा विचार मनांत येत नाहीं.

१९९४ सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. एड्सच्या सांथीचे ते दिवस. काम अटळ होतें. परंतु संस्थेचा भार वाढला म्हणजे पत्राचा आवाज संस्थेचा होतो, आणि संस्थेचा आवाज सावध असतो. २००२ सालीं पैशाच्या अभावीं पत्र बंद पडलें. २००९ च्या एप्रिलांत तें पुन्हां निघालें तें चकचकीत कागदावर, आणि त्याच वर्षीं २ जुलै रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें ३७७ व्या कलमाचा फांस सैल केला. तोंवर वाचकहि बदलला होता. २००८ सालीं ‘गेसी’ आणि २०१० सालीं सुखदीप सिंग यांचें ‘गेलॅक्सी’ हीं पत्रें इंटरनेटवरच जन्मलीं. छापखाना नको, टपाल नको, तपकिरी कागद नको. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचा निकाल फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयानें आपली चूक दुरुस्त केली. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क मात्र नाकारला. या साऱ्या घडामोडी लिहून ठेवण्याचें काम इंटरनेटवरील पत्रांनीं केलें. त्यांत घाई पुष्कळ आहे, इंग्रजीचा सोस त्याहून पुष्कळ आहे. तरी ‘गेलॅक्सी’नें पुढें हिंदी विभाग उघडला हें तिच्या संपादकांच्या शहाणपणाचें लक्षण म्हटलें पाहिजे.

येथें साकोलीस बसून मला जो प्रश्न पडतो तो हा, कीं या सगळ्या इतिहासांत मराठी कोठें आहे? पत्र मुंबईंत निघालें, नांवांत मुंबई, आणि भाषा इंग्रजी-हिंदी! मराठींत वाङ्मय नाहीं असें नव्हे. तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. पुण्यास ‘समपथिक ट्रस्ट’ चालविणारे बिंदुमाधव खिरे यांनीं ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनु’ लिहून नुसती सहानुभूतीच नव्हे, तर शब्दहि पुरविले. परंतु नाटक-कादंबरी हा प्रसंग असतो. नियतकालिक हा शेजार असतो. असा शेजार मराठींत रुजला नाहीं.

आणि गंमत अशी कीं, त्याचा आरंभ मराठींतच झाला होता. र. धों. कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ सालीं निघालें तें १९५३ पर्यंत चाललें. १९३४ सालीं त्यावर अश्लीलतेचा जो खटला भरला गेला, त्याचें मूळ कर्व्यांनीं वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होतें. आणि त्या प्रश्नांत समलिंगी वृत्तीचाहि प्रश्न होता. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या ग्रंथांचा आधार देऊन, वाचक विचारतो त्याला उत्तर देणें हा गुन्हा कसा, असें त्यांनीं मांडलें. कर्व्यांना दोनशें रुपये दंड झाला. म्हणजे ‘बॉम्बे दोस्त’च्या आधीं छप्पन वर्षें, याच मुंबईंत, याच विषयावरच्या वाचकांच्या पत्रव्यवहारासाठीं एक मराठी संपादक आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा होता! तो वारसा आम्हीं मराठी प्राध्यापकांनींच कपाटांत घालून कुलूप लावलें. यांत मी स्वतःस वगळीत नाहीं.

आमच्या झाडीपट्टींतील दंडारींत पुरुष लुगडें नेसून नाचतो आणि गांव कौतुकानें पाहतो, हें उदाहरण कोणी पुढें करील. मला तें पटत नाहीं. रंगमंचावरील सोंगाला गांव माफी देतो. सोंग उतरल्यावर राहणाऱ्या माणसाला देईलच असें नाहीं.

मागल्या पावसाळ्यांत एक विद्यार्थी माझ्याकडे आला. मोबाइलवर ‘गेलॅक्सी’चें हिंदी पान उघडून त्यानें विचारलें, “सर, मराठींत असं कांहीं आहे का? माझ्या एका मित्राला पाहिजे.” मित्र कोण हें मीं विचारलें नाहीं. ‘पार्टनर’चें नांव सांगितलें. तो म्हणाला, “पुस्तक नाहीं सर, दर महिन्याला येणारं.” आठवड्यानें त्यानें त्या मित्राचें म्हणून दोन पानांचें पत्र आणून दिलें. भाषा आमच्याकडची, झाडीबोलीची. दोन ठिकाणीं तर मी थबकलों इतकी नेमकी. शुद्धलेखन सुधारावें म्हणून लेखणी उचलली आणि पुन्हां ठेवली. “कुठं पाठवूं?” त्यानें विचारलें. तें पत्र अद्याप माझ्या मेजाच्या खणांत आहे.