झाकल्या बाटलीचा आस्वाद

आपल्या समीक्षेला खाण्यापिण्याच्या शब्दांचे वावडे कधीच नव्हते. रस, आस्वाद, चर्वणा, रुची ही सारी मंडळी जिभेच्या मुलखातून काव्यशास्त्रात आलेली. नाट्यरसाचे स्वरूप सांगताना भरतानेही दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा आणि ते चवीने जेवणाऱ्या माणसाचा. तेव्हा स्कॉच व्हिस्की चाखण्याच्या एका बैठकीविषयी साहित्याच्या अंकात लिहिले तर शास्त्राचा भंग होतो, असे निदान मला वाटत नाही. शाळामास्तराच्या लेखणीला ते शोभते की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

मुळशीच्या जलाशयाकाठी पुण्यामुंबईकरांचे बंगले झाले आहेत. त्यांतल्या एकात ही बैठक भरली. मंडळी सहा, सगळी जाणकार आणि परवाना बाळगणारी. बाटल्या झाकून, केवळ क्रमांकावरून गुण द्यायचे असा बेत होता. ओतणारा माणूस न पिणारा हवा, म्हणून मला पाचारण झाले. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते, क्रमांक असतो. त्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला पाच बाटल्यांना खाकी कागद गुंडाळणे काय अवघड? पेले तोंडाशी निमुळते होते, वास आत कोंडून राहावा म्हणून. मी नुसता हुंगत होतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्कॉटलंडातले मिश्रणकारही बहुतेक काम नाकानेच करतात. मद्य पाण्याने वीस टक्क्यांच्या आसपास पातळ करतात आणि हुंगतात.

नाव झाकल्याने काय होते याचा प्रसिद्ध दाखला १९७६ सालचा आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी बाटल्या न पाहता द्राक्षमद्ये चाखली आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला देऊन बसले. निकाल ऐकल्यावर एका परीक्षक बाईंनी आपला गुणांचा कागद परत मागितला! डोळ्यांचा अंमलही काही कमी नसतो. बोर्दो येथे पांढऱ्या मद्यात बिनचवीचा तांबडा रंग मिसळून ते ५४ विद्यार्थ्यांना दिले, तर त्यांनी वर्णनासाठी तांबड्या मद्याचे ठेवणीतले शब्द काढले. तो प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु माझे कुतूहल गुणांहून शब्दांत अधिक होते. पहिल्या दोन पेल्यांवर जी चर्चा झाली ती ऐकून मला आपल्या पुस्तक-परीक्षणांची आठवण झाली. कोणी म्हणाले हेदरची फुले, कोणी ख्रिसमसचा केक, कोणी जुन्या चामड्याची खुर्ची. हेदर यांपैकी किती जणांनी हुंगले होते? बाटली झाकली होती, पण बाटलीच्या पाठीवरचा मजकूर मंडळींना पाठ होता. अशी परीक्षणे आपणही वाचतो. कादंबरी कोकणातली, माणसे कोकणातली, आणि परीक्षणातला एकही शब्द त्या मातीत उगवलेला नाही.

तिसरा पेला आला तेव्हा सगळे गप्प झाले. मग मूळचे पौडकडचे, आता पुण्यात वकिली करणारे एक गृहस्थ पेला नाकापासून दूर धरून म्हणाले, “अहो, हा तर राबाचा धूर!” भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून जमीन भाजतात, तो राब. मला ही उपमा नुसती चमकदार वाटत नाही. ती खरी आहे. आयला बेटावरच्या अनेक भट्ट्यांत जव वाळवताना पीटचा धूर देतात, आणि पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचून अर्धवट कुजलेली वनस्पतीच. स्कॉटलंड न पाहिलेल्या माणसाने मुळशीच्या शब्दाने स्कॉटलंडचा धूर ओळखला. त्यानंतर सर्वांच्या जिभा सुटल्या. आयोडीन, सरकारी दवाखाना, करपट, तुरट, कुबट, खमंग! वासाला मराठीत शब्द नाहीत अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. तिचा निकाल त्या संध्याकाळी लागला.

यावर विद्वानांचा एक आक्षेप ठरलेला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवल्या. त्यांतून १९२९ साली एक गाजलेले पुस्तक झाले. विद्यार्थ्यांनी थोरांना झिडकारले आणि सामान्यांना डोक्यावर घेतले. म्हणजे नाव, काळ, स्थळ काढून घेणे हा कृतीवर अन्यायच नव्हे काय? काही अंशी आहे. आमच्या खोऱ्यातला आंबेमोहोर घ्या. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या जमिनींसाठी सत्याग्रह लढवला त्यांत भाताची उत्तम खाचरे होती, ती धरणाखाली गेली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या तांदळाच्या वाफेत अधिक काही मिळणारच. पण आंबेमोहोर या नावाखाली बाजारात दुसराच बारीक तांदूळ खपतो, हेही खरे. आणि तिथे इतिहास कामास येत नाही, आधण आल्यावर वास सुटतो की नाही एवढेच पाहावे लागते. म्हणून माझे म्हणणे क्रमापुरते आहे. आधी नाक, मागाहून नाव.

पाचव्या क्रमांकाला यजमानांनी एक खोडी केली होती. ती स्कॉच नव्हतीच. स्कॉच म्हणवून घ्यायला निदान तीन वर्षे स्कॉटलंडातच ओकच्या पिंपात राहावे लागते. ही बंगळूरची ‘अमृत’ होती. जगदाळे घराण्याच्या या कारखान्याने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट प्रथम नेली ती ग्लासगोला, थेट स्कॉच पिणाऱ्यांपुढे. स्कॉटलंडात पिंपातून दरसाल दोनेक टक्के मद्य उडून जाते, बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांहून अधिक. त्यामुळे चार-पाच वर्षांत तिला जो मुरलेपणा येतो, त्याला तिकडे बराच अधिक काळ लागतो. वयाचा आकडा पाहून बाटली विकत घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

कागद उलगडल्यावर एका गृहस्थांनी गुणपत्रिका पुन्हा पुढे ओढली. ती माझ्याकडे आहे. पाचव्या क्रमांकापुढे ८६ खोडून ७८ केले आहेत. शेजारचा शेरा, ‘खमंग, भाजल्या हरभऱ्यासारखी, घशात रेंगाळते’, खोडायचा राहून गेला आहे.