किल्ला अजून पुरा व्हायचाय

दिवाळीचा किल्ला ज्यांनी लहानपणी केला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको की तो कधी पुरा होत नाही. कराडला आमच्या वाड्याच्या अंगणात विटांचे तुकडे, फाटकं गोणपाट आणि घमेलंभर लाल माती यांतून तो उभा राहायचा. वसुबारसेला महाराज सिंहासनावर बसायचे, अळीव उगवून हिरवळ झालेली असायची, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत आमची पुढच्या वर्षीची यादी तयार असायची. कारंजं खऱ्या पाण्याचं हवं, त्यासाठी दवाखान्यातून सलाईनची नळी आणायची. भुयार बुरुजाखालून आरपार काढायचं. एका मित्राने तर सांगितलं की, पुढच्या वर्षी शत्रूचं सैन्य खरोखर चालून आलं पाहिजे, आणि आपण कुठे बसून काय करतोय ते बघून त्याने वाट शोधली पाहिजे. आम्ही त्याला हसलो होतो.

हे सगळं आठवायचं कारण आमचे चिरंजीव. वय वर्षं चौदा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाला, "बाबा, हा तुझा किल्लाच आहे. फक्त ह्यात सगळे मरतात."

खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. मराठीत बुटक्यांचा किल्ला म्हणू. वॉशिंग्टन राज्यात राहणारे टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोन भाऊ तो करतात. टार्नने स्टॅनफर्डला गणितात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे प्राध्यापकीची वाट सोडून तो या उद्योगाला लागला. (आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर घरी काय झालं असतं, याची कल्पना मी वाचकांवर सोडतो.) पहिली आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये आली, तीही फुकट. चाहत्यांनी पाठवलेल्या देणग्यांवर दोघांचं घर चालायचं. देणगी देणाऱ्याला बदल्यात एखादी छोटी गोष्ट किंवा रंगीत खडूने काढलेलं चित्र मिळायचं. खेळात चित्रं अशी नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. मोठा 'डी' म्हणजे ड्रॅगन, लहान 'डी' म्हणजे कुत्रा, आणि यातला फरक उशिरा लक्षात आला तर खेळ संपला. तरी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी जे पहिले चौदा व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा होता. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीमवर चित्रांसकट आणि माऊसने खेळता येईल अशी विकत घ्यायची आवृत्ती आली आणि धो-धो खपली.

खेळायला बसलं की आधी एक आख्खं जग तयार होतं. डोंगर, नद्या, राज्यं, शेकडो वर्षांचा इतिहास, कुणी कुणाला मारलं, कोण कुठे पळालं, सगळं. मग त्या जगात सात बुटके आणि एक गाडा तुमच्या हवाली होतो. डोंगर पोखरा, शेती करा, दारू गाळा, जगा. प्रत्येक बुटक्याला स्वभाव, आवडीनिवडी, नातेवाईक आणि आठवणी असतात. जिंकणं हा प्रकार नाहीच. किल्ला कधी ना कधी पडतो, आणि हरण्यातच मजा आहे हे चाहत्यांचं घोषवाक्य आहे.

पण मला लिहायचंय ते या खेळाच्या भोवती वाढलेल्या एका वेगळ्याच साहित्यप्रकाराबद्दल. गेली जवळजवळ वीस वर्षं याचे चाहते पुढच्या आवृत्तीत काय काय यावं याची स्वप्नं लिहीत आले आहेत. मी पोटासाठी लोकांच्या मागण्या ऐकतो. क्लायंट 'एक छोटासा बदल' म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे मुलाने या मागण्या दाखवल्या तेव्हा मी त्या कुत्सितपणेच वाचायला घेतल्या. आणि वाचत राहिलो.

त्यातल्या बऱ्याचशा टाकाऊ आहेत, हे आधीच सांगून टाकतो. आणखी दहा शस्त्रं द्या, आणखी वीस प्राणी द्या, अमुक सिनेमात होता तसा राक्षस द्या. ही वाणसामानाची यादी झाली. हे सगळं खेळात आलं तरी जग एका इंचानेही खोल होत नाही. चांगली मागणी वस्तू मागतच नाही, ती परिणाम मागते. आमच्या वाड्यातल्या त्या मित्रासारखी. त्याला जास्त मावळे नको होते, शत्रूला डोकं हवं होतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तलं दुर्गप्रकरण ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणतोय ते चटकन कळेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो ग्रंथ. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी खोदा. एकच दरवाजा ठेवू नका, चोरदिंड्या ठेवा. दारूखाना घरांपासून लांब ठेवा. यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. प्रत्येकामागे 'नाहीतर काय होईल' हे उभं आहे. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये बुटके एरवी दारूवर जगतात, पण जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या बुटक्याला पाणीच लागतं, आणि थंड प्रदेशात हिवाळ्यात उघडी तळी गोठतात. माझा पहिला किल्ला असाच गेला. दारूची पिंपं भरलेली, आणि जखमी पाण्यावाचून तडफडतायत. अमात्य वाचूनही मी ही चूक केली याची लाज वाटली. चिरंजीव मात्र खूष होते.

परिणाम मागितले की भलतेही परिणाम येतात. डिसेंबर २०१५ च्या आवृत्तीत खानावळी आल्या. बुटके तिथे बसून पितात, गातात, नाचतात, भांडतात. लोकांची ही जुनी हौस होती. आणि लगेच किल्ल्यातली मांजरं मरायला लागली. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. जमिनीवर दारू सांडते, मांजर त्यातून चालतं, पंजे भिजतात, मांजर सवयीने पंजे चाटतं, आणि खेळ त्या चाटण्याचा हिशोब थेंबाऐवजी आख्ख्या पेल्याने धरत होता. एवढ्याशा जिवाला एवढी दारू! यातला एकही तुकडा कुणी मांजर मारण्यासाठी लिहिला नव्हता. माझ्या तीस जणांच्या टीममध्ये असा बग निघाला असता तर आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवत आठवडा काढला असता. इथे लोक त्याची गोष्ट वर्षानुवर्षं सांगतायत.

त्याच आवृत्तीतली दुसरी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, आणि तिथेच माझी मोठी तक्रारही आहे. खेळातली प्रत्येक संस्कृती आता स्वतःचे काव्यप्रकार निर्माण करते. किती ओळी, यमक कुठे, वृत्त कसं, विषय कोणता, सूर गंभीर की थट्टेचा, सगळं सविस्तर दिलेलं असतं. म्हणजे उद्या एखाद्या जगात तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, यमकाविना, असा प्रकार तयार झाला तर त्या बुटक्यांच्या हाती आपली ओवीच लागली म्हणायची. पण कविता मात्र नसते! अमक्याने तमक्या वृत्तात अमुक विषयावर रचना गायली आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले, एवढंच कळतं. ओवीचं लक्षण आहे, ओवी नाही. ती जागा खेळणाऱ्याने भरायची. चाहते ती उत्साहाने भरतात, आणि माझ्या मते या खेळाची निम्मी कीर्ती त्यांनी लिहिलेल्या किल्ल्यांच्या बखरींवर उभी आहे. प्रत्यक्ष खेळताना यातलं बरंचसं कुठल्या तरी यादीच्या चौथ्या पानावर दडलेलं असतं. जग खोल आहे, पण विहिरीत डोकावायला रहाट नाही. स्टीमवरच्या आवृत्तीने पायऱ्या बांधल्या हे खरं, तरी मला अजून अंधारातच चाचपडावं लागतं.

दोघे भाऊ मागण्या कशा हाताळतात, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी मुद्दाम बघावं. झॅक गोष्टी लिहितो. मग दोघे मिळून गोष्ट तपासतात की, यातलं काय काय आपल्या खेळात आज घडू शकत नाही? जे घडू शकत नाही ते कामाच्या यादीत. त्यांच्या जुन्या आराखड्यात 'पॉवर गोल' नावाच्या नोंदी होत्या. एकेक नोंद म्हणजे खेळणाऱ्याला पुढे कधीतरी काय करता यावं याचा छोटासा प्रसंग. आम्ही कोष्टकं भरतो, ते गोष्ट लिहून तिला नापास करतात.

आणि कधीकधी खेळणाऱ्यालाही नापास करतात. एके काळी जलपऱ्यांच्या हाडांना खेळात प्रचंड किंमत होती. लोकांनी काय करावं? त्यांना पकडून, पैदास करून, हाडांसाठी मारायचे कारखाने काढण्याच्या योजना आखल्या, आकृत्यांसकट. टार्नने पुढे त्या हाडांची किंमत उतरवून टाकली. कल्पनाशक्तीला मोकळं रान दिलं की ती नेहमी कारंजंच मागते असं नाही. मुलाला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "पण बाबा, ते खरे नव्हते ना." यावर आमचं जेवणाच्या टेबलावर बरंच वाजलं. निकाल लागला नाही.

सगळ्यात मोठी मागणी अजून उधारीवर आहे. प्रत्येक जगाची स्वतःची सृष्टीकथा, तिथले देव, आणि त्या कथेतून निघणारे जादूचे नियम. कमीजास्तही करता येणार; हवं तर जादूचा लवलेश नसलेलं जग, हवं तर पावलोपावली चमत्कार. हा बेत भावांनी कित्येक वर्षांपूर्वी जाहीर केला, आणि २०२५ उजाडलं तरी तो आलेला नव्हता. ज्यांनी विशीत त्याची स्वप्नं लिहिली ते आता माझ्यासारखे चाळिशीत असतील. मध्ये आवृत्त्या आल्या, त्याही चांगल्या, पण जादू पुढे पुढेच सरकत राहिली. मी प्रोजेक्ट मॅनेजर असतो तर या भावांना फैलावर घेतलं असतं. टीकाकार म्हणून मात्र मला एक शंका छळते. न आलेल्या त्या आवृत्तीबद्दल लोकांनी जे लिहून ठेवलंय, ते इतकं देखणं आहे की आलेली आवृत्ती त्याच्यासमोर फिकी पडणार. भावांची अडचण आता प्रोग्रामिंगची कमी आणि चाहत्यांच्या वह्यांशी स्पर्धेची जास्त आहे.

वह्या हा शब्द मी उगाच वापरला नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलाचं खेळणं कमी झालंय असं बघून आम्ही दोघं खूष होतो. नंतर कळलं, तो खेळण्याऐवजी मागण्या लिहितोय. एक आख्खी स्पायरल वही, इंग्रजीतच अर्थात. बरंचसं वाणसामान होतं. टीकाकाराच्या घरातही तेच. पण एका पानावर मी अडकलो.

खेळात प्रत्येक बुटक्याच्या काही गरजा असतात. पिणं, प्रार्थना, हातातली कला, आणि एक गरज कुटुंबाबरोबर असण्याची. किल्ल्यात माणसं लांबून, टोळ्याटोळ्यांनी येतात. ज्याचे आईबाप मूळ गावीच राहिले, त्याची ही गरज भागायची सोयच नाही. तो कामात कितीही तरबेज असो, त्याच्या नावापुढे दिसत राहतं की कुटुंबापासून फार काळ दूर राहिल्यामुळे याचं लक्ष लागत नाही. खेळणारे यावर वैतागतात, कारण लक्ष नसलेला बुटका कामाला कमी पडतो. आईबापांना किल्ल्यात बोलावून घेता आलं पाहिजे, ही बहुतेकांना सुचणारी सोपी मागणी.

चिरंजीवांनी ती केली नव्हती. दर शरद ऋतूत मूळ राज्यातून व्यापाऱ्यांचा तांडा येतो, बरोबर तिथला प्रतिनिधी असतो. तो बातम्या सांगतो आणि पुढच्या वर्षी काय आणायचं ते विचारतो. वहीत लिहिलं होतं की, त्या तांड्याबरोबर पत्रं यावीत. पत्र मिळालं की बुटक्याची गरज वर्षभरापुरती अर्धी भागावी. पूर्ण नाही, अर्धी. आणि एखाद्या वर्षी तांडा वाटेत लुटला गेला, तर पत्र न आलेल्या बुटक्याला ते का आलं नाही, हे कळू नये.

मी वही मिटून जागेवर ठेवली. रात्री त्याला विचारलं, अर्धीच का? तो म्हणाला, "तू आजीला फोन करून झाल्यावर थोडा वेळ कसा असतोस, तसं."