पडद्यावर गाव आलं, गावाची कामं मागेच राहिली

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा विजेता म्हणून सूरज चव्हाणचं नाव पुकारलं गेलं. गाव मोढवे, तालुका बारामती. बारामती म्हटलं की ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. मोढवे मात्र पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिरायती भागातलं. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेल्या या मुलाने टिकटॉकवर नाव कमावलं होतं. जून २०२० मध्ये ते बंद झालं. चार वर्षांनी तो कलर्स मराठीवरच्या 'बिग बॉस'च्या घरात शिरला, तेव्हा 'गुलीगत', 'झापुक झुपूक' हे त्याचे शब्दही सोबत आले.

हा विजय लहान नव्हता. मराठी वाहिन्यांनी गावरान बोली वर्षानुवर्षं गडीमाणसाच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी घातली. इथे तीच बोली बोलणारा मुलगा नायक ठरला. प्रेक्षकांनी मतं दिली ती मोबाइलवरून. दिवाणखान्यातल्या एका टीव्हीसमोर घर जमायचं, तेव्हा काय लावायचं हे रिमोट ज्याच्या हातात तो ठरवी. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला गेलेला तरुण आता बांधावर बसून आपलं माणूस निवडू शकतो.

पण पर्वाच्या सत्तर दिवसांत मोढवे किती दिसलं? बंद घर, भांडणं, शनिवार-रविवारी सूत्रसंचालकाचा 'भाऊचा धक्का'. गाव उरलं ते सूरजच्या गरिबीच्या कहाणीपुरतं.

मालिकांचंही तेच झालं. 'तुझ्यात जीव रंगला'ने २०१६ मध्ये कोल्हापूरकडची तालीम आणि वाडा घराघरांत नेला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'लागिरं झालं जी'ने सातारी बोली आणि फौजीचं घर आणलं. दोन्हींची सुरुवात मातीतली होती आणि म्हणूनच ती भिडली. मग रोजच्या भागाचा रेटा सुरू झाला. आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. शेतातलं चित्रीकरण ऊन-पावसावर अवलंबून, वाड्यातलं कारस्थान मात्र केव्हाही चित्रित करता येतं. त्यामुळे 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये नायक राणाच्या शेतापेक्षा वहिनीसाहेबांचे डाव जास्त दिसू लागले. लेखकांना आठवड्याचे सहा भाग पुरवायचे असतात. दोष त्यांचा नाही, रोज भाग काढणाऱ्या कारखानदारीचा आहे.

वृत्तवाहिन्यांनी हीच तऱ्हा उचलली, ते जास्त खुपतं. २०२४ च्या लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर होत्या. ओबी व्हॅन बारामतीत ठाण मांडून बसल्या, पण लढत रंगवली 'नणंद विरुद्ध भावजय' म्हणून. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचं पाणी जिरायती गावांना किती आणि कधी मिळतं, हा त्या गावांच्या जगण्याचा प्रश्न. घरगुती नाट्यापुढे त्याला किती मिनिटं मिळाली?

मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'मध्ये झगमगाट नव्हता. कार्यक्रम संथ होता, कधी रटाळही वाटे. पण पिकावरचा रोग, खताचं प्रमाण, औताचं काम हे दाखवण्याजोगं आहे, यावर त्याचा विश्वास होता. आज वाहिन्या मोजता येणार नाहीत इतक्या झाल्या, मात्र इंदापूरच्या डाळिंबाच्या बागेत अर्धा तास थांबायला मुख्य वेळेत कुणी तयार नाही. ते काम आता शेतकरी स्वतःच मोबाइलवर चित्रफिती काढून करतात.

कॅमेरा थांबतो तेव्हा काय घडतं, हे दर आषाढी वारीत दिसतं. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला रिंगणात अश्व धावतात. निवेदक गप्प बसला, तर पायांचा आणि टाळांचा आवाज थेट घरात येतो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी पडद्याला हात जोडते. टीव्हीचं याहून मोठं देणं कोणतं?

इंदापूर तालुक्यातच पळसदेवचं जुनं मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात आहे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं आणि वाहिन्या ड्रोनने त्याची दृश्यं दाखवतात. दोन मिनिटांची बातमी होते. जुनं गाव पाण्याखाली गेल्यावर लोकांनी नव्या गावठाणात चूल कशी मांडली, कुणाची जमीन गेली, धरणाचं पाणी कुणाला मिळालं, भिगवणला याच जलाशयावर मासेमारीचा धंदा कसा उभा राहिला, यात एका मालिकेची वर्षभराची गोष्ट आहे. ते गाव सोडताना जे तरुण होते, ते आता सत्तरीच्या पुढे आहेत.