वारली राजाचे नाव

ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरचा तेरावा खंड १८८२ साली निघाला. त्याच्या अखेरीस जव्हार संस्थानावर काही पाने आहेत आणि त्या पानांत राज्याच्या स्थापनेची कथा आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते त्या कथेतल्या एका रिकाम्या जागेवरून सुचले आहे.

थळघाटाजवळ मुकणे येथे मातीची एक लहानशी गढी होती. तिचा धनी एक महादेव कोळी. पुढे जयबा मुकणे म्हणून तो प्रसिद्धीस आला. पिंपरी येथे त्याला राज्याचा आशीर्वाद मिळाला. मग जयबाने माणसे जमवली, पेठ-धरमपूरकडून वर सुरतेपर्यंत तो फिरला, काठेवाडात सात वर्षे राहिला, आणि परतल्यावर जव्हारला आला. तेव्हा तेथे एक वारली राजा होता. जयबाने त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. राजाने हो म्हटले. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडून लांबच लांब दोरी केली, आणि त्या दोरीच्या वेढ्यात राजाची गढीच घेतली. वारली राजाला बदल्यात गंभीरगडाच्या बाजूचा मुलूख मिळाला. जव्हार मुकण्यांचे झाले ते १९४८ पर्यंत.

मोखाड्याच्या एका शाळेत मी बरीच वर्षे इतिहास शिकवला. ही कथा वर्गात रंगते. कातड्याची वादी काढण्याचा अभिनय मी हाताने करीत असे आणि मुले हसत. एका वर्षी सातवीतला एक मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "सर, त्या वारली राजाचे नाव काय?" उद्या सांगतो म्हणालो. संध्याकाळी पुस्तक उघडले. जयबाचे नाव आहे, त्याच्या गावाचे आहे, आशीर्वाद कोठे मिळाला तेही आहे. ज्याने जमीन दिली त्याचे नाव नाही.

तेव्हापासून जव्हारविषयी काही वाचायला घेतले की मी हा प्रश्न त्या मजकुराला विचारतो. कोणाला ही कसोटी पोरकट वाटेल. मूळ ती पोराचीच आहे.

ही कथा एकट्या जव्हारची नाही, हे अभ्यासकांना माहीत असते. कार्थेज वसवणाऱ्या दीदो राणीविषयीही हेच सांगतात. तिनेही बैलाच्या कातड्याच्या वाद्या केल्या होत्या. कथा गावोगाव फिरतात, आणि जव्हारच्या दरबारालाही ती कुठून तरी मिळाली असेल. विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. राजघराणी सहसा आपला आरंभ लढाईत, शापात किंवा सूर्यचंद्रात शोधतात. जव्हारच्या घराण्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या जी कथा जपली तिच्यात सरळ कबुली आहे की जमीन दुसऱ्याची होती आणि ती युक्तीने घेतली. सांगणाऱ्याला त्या युक्तीचे कौतुक आहे, म्हणून कबुली त्याच्या ध्यानात येत नाही. आपण मात्र वेढ्याच्या आत उभे राहून ती वाचून पाहावी. शब्दाच्या मापाने जमीन देणारा आणि फसल्याचे कळल्यावरही शब्द पाळून गढी सोडणारा असा एकच माणूस त्या कथेत आहे, आणि त्यालाच नाव नाही.

गॅझेटियर लिहिणाऱ्यांवर मी राग धरत नाही. कँबेल आणि त्याचे सहकारी कष्टाळू होते. जंगल किती, साग कोठे, घाटातल्या वाटा कोणत्या, जकात किती बसते, हे त्यांनी जितके नेमके लिहिले तितके आपल्यापैकी कोणी पुढे लिहिले नाही. पण त्यांची नजर वाटेवरच्या माणसाची आहे. घाट चढून आलेला साहेब पाहतो तसे राज्य दिसते: लाकूड खाली जाते, मीठ वर येते, मधे राजा बसतो. लाकूड कोणाच्या खांद्यावरून जाते हे वाटेवरून दिसत नाही असे नाही, पण ते टिपून ठेवण्याचे कारण वाटसरूला नसते.

ज्या राज्याला किनारा नाही त्याचा इतिहास बहुधा असाच, त्याच्या दारांचा, लिहिला जातो. याचे मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचे आहे. तो देश १८२५ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याला समुद्र होता. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटले, त्यात किनारा गेला, आणि १९०४ च्या तहाने तो गेला तो गेलाच. आजही तेथे आरमार आहे, आणि दर २३ मार्चला गेलेल्या समुद्राचा दिवस पाळतात. हेगच्या न्यायालयात तो देश गेला आणि २०१८ मध्ये तेथेही हरला. हे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु समुद्र गेला तेव्हा त्या देशातल्या बहुसंख्य मूळ रहिवाशांना मत नव्हते. लिहिता-वाचता येण्याची अट होती आणि शाळा नव्हती. मत मिळाले ते १९५२ च्या क्रांतीनंतर. जहागिरीवर त्यांना बिनमोल राबावे लागे, आणि धन्याच्या घरचे काम करायलाही पाळीपाळीने जावे लागे. त्या वेठीला 'पोंगेआहे' म्हणत. क्वेचुआ भाषेत 'पुंकू' म्हणजे दार; वेठकरी धन्याच्या दाराशी पडून राहायचा, त्यावरून हा शब्द आला. देशाचा इतिहास समुद्राकडे उघडणाऱ्या दाराविषयी लिहिला गेला, आणि घराच्या दाराशी निजलेला माणूस त्यात फार उशिरा आला.

जव्हारचेही तसेच आहे. ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या सुलतानाने निमशहाला 'शहा' हा किताब दिला. दरबाराला याचे इतके अप्रूप की संस्थानच्या कागदांवर त्या दिवसापासूनचा शक चाले. सोळाव्या शतकात वसईपासून दमणपर्यंत किनारा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि हे राज्य डोंगरात कोंडले. १६६४ मध्ये सुरतेकडे निघालेले शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर उतरले आणि विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, हे गावात लहान पोरही सांगेल. आठ वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, हे सहसा कोणी सांगत नाही. पेशवाईत मुलूख आक्रसत गेला. इंग्रजी अमलात ३१० चौरस मैल उरले आणि १९०१ च्या शिरगणतीत सत्तेचाळीस हजारांवर माणसे भरली. शेजारचा मोखाडा खालसा मुलखात, शहापूर तालुक्याखाली. दोन सत्ता आणि एकच जंगल. हद्द ओलांडणाऱ्याला पायाखाली काही फरक जाणवत नसणार.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. जव्हारचा राजा परका नव्हता. महादेव कोळी म्हणजे आदिवासीच. सबंध कोकणपट्टीत आदिवासींचे एवढे टिकलेले राज्य दुसरे दाखवता येणार नाही, आणि जव्हारच्या माणसाला त्याचा अभिमान वाटला तर त्यात गैर काय? काही नाही. जयविलास राजवाड्यासमोर मलाही तो वाटला आहे. फक्त मनात येते की राजा आपल्यातला असला तरी वारली त्याची प्रजाच होता. स्थापनेच्या कथेतली वेढ्याच्या आतली बाजू त्याच्याकडे होती, आणि त्याने ती लिहून ठेवली नाही. त्याला लिहिता येत नव्हते.

ती बाजू प्रथम कागदावर आली ती गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात. १९७० साली ते निघाले, १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्यानंतर बहुतेकांनी त्याची स्तुती करून ते कपाटात ठेवले असे मला वाटते. चळवळीचे पुस्तक म्हणून ते वाचले जाते. मला ते आधी गद्य म्हणून वाचावेसे वाटते. एवढा संताप पोटात असलेले पुस्तक इतक्या सपाट आवाजात लिहिणे सोपे नव्हे. जमीनदाराच्या वाडीवर वेठ कशी चाले, लग्नासाठी घेतलेल्या चारदोन रुपयांपायी माणूस बायकोसह 'लग्नगडी' कसा होई आणि जन्मभर कसा राबे, हे परुळेकरबाई हिशेबनिसाच्या शिस्तीने सांगतात. विशेषण क्वचित. लग्नासारख्या शब्दाला गुलामी जोडून जो शब्द तयार झाला तो नुसता मांडला तरी पुरेसा आहे, हे त्यांना कळले होते. 'पोंगेआहे'मध्ये जसे दार, तसे यात लग्न.

आणि काळही पाहा. मे १९४५ मध्ये बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात मूळ रहिवाशांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि राष्ट्राध्यक्ष व्हियारोएल यांनी वेठ रद्द केल्याचा हुकूम काढला. त्याच मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि आता वेठ करायची नाही असे ठरले. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. तिकडे जमीनदारांनी हुकूम मानला नाही. पुढच्या वर्षी जमावाने व्हियारोएलना मारून राजवाड्यासमोरच्या दिव्याच्या खांबाला टांगले, आणि वेठ खरोखरी गेली ती क्रांती होऊन १९५३ मध्ये जमिनीचा कायदा आल्यावर. इकडे हुकूम नव्हताच. माणसांनी काम करायचे थांबवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे गेली, त्यांत जेठ्या गांगड होता. हे नाव आपल्याला माहीत आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या कसोटीला या चळवळीचा इतिहास उतरतो: ज्याचे गेले त्याला तो नावाने हाक मारतो.

तरीही या पुस्तकाशी माझे एक भांडण आहे, आणि ते त्याच्या शीर्षकाशी आहे. जागा होतो म्हणजे आधी निजलेला होता. बाई गावात येण्यापूर्वी वारली भीत होता, पिचला होता, हे खरे. पण निजलेला? गढी कोणी कशी घेतली हे ज्याला ठाऊक असते तो निजलेला नसतो. त्याचे कोणी ऐकत नसते, इतकेच. मला तर वाटते की त्या काळात जागे झाले ते मराठी वाचक. पुस्तकाचा भर उंबरगाव-डहाणूवर आहे, कारण चळवळीचा भरही तेथेच होता. संस्थानी जव्हार त्याच्या कडेला राहते. त्यामुळे आपल्यातल्या राजाखाली वेठ कशी दिसत होती, हा सर्वांत अवघड प्रश्न परुळेकरबाईंसारख्या लेखणीच्या वाट्याला आला नाही. ही मराठी वाङ्मयाची हानी आहे. (गंभीरगड डहाणू तालुक्यात येतो. कातड्याच्या कथेतला राजा जिकडे गेला तिकडेच सहाशे वर्षांनी हे सारे पेटले. योगायोग म्हणून सोडून द्यावा; मला तो सोडवत नाही.)

नंतरचा इतिहास मतपेट्यांचा आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५७ मध्ये ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर गेले. १९६२ मध्ये भिवंडीतून आणि १९६७ मध्ये डहाणूतून काँग्रेसतर्फे निवडून आले ते जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. १९७७ मध्ये त्याच डहाणूतून कम्युनिस्ट लहानू कोम गेले. कधी लाल बावटा, कधी राजा, पुन्हा लाल बावटा. याला कोणी अडाण्यांचा गोंधळ म्हणेल. वीस वर्षांत दोन्ही घरांना आळीपाळीने दारात उभे करणारी प्रजा मला अडाणी वाटत नाही. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले. बंडाच्या भूमीतून राज्याची सीमा निघाली, त्याचीही फार चर्चा झाली नाही.

आणि १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुले मेली तेव्हा वर्तमानपत्रे घाट चढून आली, गॅझेटियरचा साहेब आला होता तशीच. आकडे छापले. नावे मी तेव्हाही शोधली होती. २०१४ च्या ऑगस्टात पालघर जिल्हा झाला. त्याच वर्षी मोखाड्यात मध्य वैतरणा धरण पुरे होऊन तेथले पाणी मुंबईला जाऊ लागले. मोखाड्याच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्याच्या खड्ड्यात उतरतात. खाली जायला वाट पाण्याला आहे, सागाला होती, आणि माणसांनाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्लॉट मोजायला आता उपग्रहाचे यंत्र घेऊन माणसे येतात, आणि यंत्राने दाखवलेले क्षेत्र प्रत्यक्ष कसतात त्याहून कमी कसे भरले यावरून ग्रामसभेत वाद होतात. असा एक वाद ऐकताना मला कातड्याची वादी आठवली होती. वर्गात हसणाऱ्या मुलांच्या बापांपैकी काही तेथे बसले होते.

राहिले त्या मुलाचे उत्तर. दुसऱ्या दिवशी मी वर्गात खरे ते सांगितले की पुस्तकात नाव नाही. तो म्हणाला, "मग आजाला विचारतो." सहामाही परीक्षेत जव्हारच्या स्थापनेवर टीप लिहायला मी मुद्दाम घातली. त्याने जयबावर चार ओळी लिहिल्या, वारली राजावर सहा लिहिल्या, आणि नावासाठी जागा कोरी सोडून खाली पेन्सिलीने रेघ ओढली. पेपर तपासून होईपर्यंत दिवाळी झाली होती. दिवाळी संपली की इकडची घरे कुलुपे लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्याचेही गेले. सुट्टीनंतर पट उघडला तेव्हा त्याच्या नावासमोर मी गैरहजेरीची खूण केली. पेपर माझ्याकडेच राहिला. त्याला किती गुण द्यावेत हे मला तेव्हा ठरवता आले नव्हते, आणि त्या ओळीवरची जागा अजून कोरी आहे.