टेस्ट पास झाली, चूक मात्र तशीच राहिली

तर झालं असं. दिवाळीत अहमदपूरला घरी होतो. लॅबमधल्या लिनक्सवर सगळ्या टेस्ट पास, घरच्या विंडोज लॅपटॉपवर तोच कोड चालवला तर कितीतरी फेल! अपेक्षित आणि मिळालेला मजकूर, दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे. फरक होता ओळीच्या शेवटी. लिनक्समध्ये तिथे एकच बाइट असतो: १०. विंडोजच्या फाइलींत सहसा दोन: १३ आणि १०. टेलिप्रिंटरच्या काळात एक आज्ञा ओळीच्या सुरुवातीला परत यायची, दुसरी कागद पुढे सरकवायची. ती जोडी अजून टिकून आहे.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे तुलना करण्याआधी सगळे १३ पुसून टाकायचे. मीही तेच केलं आणि सगळं हिरवं झालं. माझा आक्षेप आहे तो नेमका या उपायावर.

माझं काम मराठी मजकुरातली गावांची नावं ओळखण्याचं. नाव कितव्या चिन्हापासून सुरू होतं, तो आकडा आम्ही नोंदवतो. युनिकोडमध्ये 'अहमदपूर' सात चिन्हांचं. समजा, ते अकराव्या ओळीत आहे आणि नोंद लिनक्सवर झाली. विंडोजवर तीच फाइल कच्च्या बाइट्समधून वाचली, तर आधीच्या दहा ओळींचे दहा जादा १३ मध्ये येतात. नोंदलेल्या जागी आता दहा चिन्हं आधीचा मजकूर सापडतो, म्हणजे गाव अख्खंच निसटतं! माझी टेस्ट मात्र १३ पुसून मजकूर जुळवत होती. तिला हे दिसणार कसं?

पडद्यावरचा साधा संदेश तपासताना असं पुसणं चालेल. पण जिथे जागा मोजायची आहे, तिथे ही सफाई प्रोग्रामने फाइल वाचतानाच करायला हवी, टेस्टने शेवटी नाही. पायथन टेक्स्ट मोडमध्ये वाचताना ती आपोआप करतो, बाइट मोडमध्ये नाही. शिवाय विंडोजवर लिहिताना तो १३ परत घालतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट गिटची. 'ऑटोसीआरएलएफ' ही सेटिंग सहसा ज्याच्या-त्याच्या मशीनवर असते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. नियम रेपोमधल्या 'डॉट-गिटअॅट्रिब्यूट्स' फाइलमध्ये लिहा, म्हणजे तो कोडबरोबर सगळीकडे जातो. आणि १३ असलेली एक टेस्ट मुद्दाम ठेवा. तिचा मजकूर मात्र टेस्टच्या आतच बाइट्समध्ये तयार करा, नाहीतर गिटच तो 'सुधारून' टाकायचं.

मी पुसण्याची ओळ काढली, तेव्हा टेस्ट पुन्हा लाल झाल्या. पण यावेळी त्या खरं बोलत होत्या.